थोरलीचं गाऱ्हाणं

जावेचं मनापासून कौतुक करणारी बाई मला दाखवा, मी तिला पेटीभर हापूस घरपोच देईन. तोंडदेखलं कौतुक मीही करते. ‘आमची दिशा ना, काय झकास सायकल चालवते!’ असं मी चार माणसांत हसून म्हणते, आणि म्हणताना दात किती आवळलेले असतात ते माझं मलाच ठाऊक.

मी योगिनी नागवेकर. रत्नागिरीत शाळेत खेळाची बाई आहे, म्हणजे दिवसभर गळ्यात शिट्टी आणि तोंडात ओरडा. वय चव्वेचाळीस. दर जानेवारीत आमचा सायकल क्लब आंबा घाट चढतो. साखरप्याच्या पुढे पायथा लागतो, तिथून वर आंबा गावापर्यंत दहा-अकरा किलोमीटर नुसती चढण. कोल्हापूरहून येणारे ट्रक करकचून ब्रेक दाबत उतरत असतात आणि आपण त्यांच्या तोंडाकडे तोंड करून धापा टाकत वर. पुण्या-साताऱ्याकडचे लोक खास हा घाट चढायला येतात आणि त्यातले निम्मे गायमुखाच्या झऱ्यापाशी बसकण मारतात. मी सलग सहा वर्षं एकदाही पाय न टेकता चढले आणि सहाही वर्षं बायकांत पहिली आले. बायकांत मी एकटीच होते, हे खरं. पण बाकीच्यांना काय कोणी दोरीने बांधून ठेवलं होतं? यायचं होतं!

आता खरं सांगायचं तर मला तो कप-बिप नको होता. सहाच्या सहा कप माळ्यावर पडलेत. मला हवं असायचं ते आप्पांचं एक वाक्य. आप्पा म्हणजे माझे सासरे. एसटीत ड्रायव्हर होते, सव्वीस वर्षं रत्नागिरी-कोल्हापूर गाडी ह्याच घाटातून नेली, एकदाही खरचटलं नाही. क्लबची घाटचढाई सुरू झाली तेव्हापासून ते टेम्पोत पुढच्या सीटवर बसून आमच्या मागे मागे येत. मी वर पोचले की ते टेम्पोतून उतरत, माझ्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, “चढलीस गो बाय!” बस, एवढंच. आमचे हे बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात माझ्याकडे बघून छाती फुगवणारं माणूस एकच, ते आप्पा. सहा वर्षं ते वाक्य एकट्या माझं होतं.

त्यातल्या पाचव्या चढाईनंतर धाकट्या दिराचं लग्न झालं आणि दिशा आली. देवरूखकडची, डोंगरातल्या वाडीची. कॉलेजला जायला रोज सायकल मारायची म्हणे. ही गोष्ट मला लग्नाआधी कळायला हवी होती. मीच मूर्ख, मीच तिला क्लबात नेलं. गिअर कसे टाकायचे, उतारावर वजन कुठे ठेवायचं, सगळं मीच शिकवलं. तीन महिन्यांत निवळीच्या चढावर तिने मला मागे टाकलं. वर जाऊन थांबली आणि मी पोचल्यावर म्हणते कशी, “वैनी, तुम्ही पाणी प्यायला थांबलात ना, म्हणून.” मी कुठेही थांबले नव्हते. अशी समजूतदार माणसं मला अगदी डोक्यात जातात.

बरं, नुसती सायकल असती तर एक वेळ सोडून दिलं असतं. तिच्या हातची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी आप्पा दोनदा मागून घेऊ लागले. तिचं हसू, तिच्या पोटऱ्या, तिचे ते कमरेपर्यंतचे केस, सगळंच मेलं डोळ्यांवर येणारं. मागच्या जानेवारीत तिच्या भावाचं लग्न नेमकं घाटचढाईच्या दिवशी आलं आणि मी सुटले. लग्नात मी तिच्या भावाला अगदी मनापासून आहेर केला.

ऑगस्टमध्ये आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा सावरला, पण वाचा बंद झाली. बाईंनी, म्हणजे वाचेचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी, सांगितलं की रोज बोलायला लावा, शब्द परत येतील. ते काम मी अंगावर घेतलं. रोज सकाळी शाळेआधी अर्धा तास आप्पांच्या समोर बसायचं. “आप्पा, म्हणा, पाणी. पा… णी.” ते माझ्याकडे बघत आणि तोंड गच्च मिटून घेत. शाळेतली सवय, माझा आवाज चढे. पाच महिन्यांत एक शब्द नाही. संध्याकाळी दिशा त्यांना पेपर वाचून दाखवी तेव्हा मात्र अर्ध्या तोंडाने हसत बसायचे. मी स्वयंपाकघरातून बघायची आणि भांडी आपटायची.

घाटचढाई जवळ आली तसा क्लबात प्रश्न पडला, गाऱ्हाणं कोण घालणार? पायथ्याशी वडाखाली एक घुमटी आहे, घाटाच्या राखणदाराची. आप्पांची रीत अशी की चढण्याआधी तिथे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. प्रत्येकाचं नाव घ्यायचं, ज्याचं जे दुखणं असेल ते देवाला मोठ्याने सांगायचं, आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. नाव न घेतलेलं माणूस घाटात घालायचं नाही, हा त्यांचा एसटीपासूनचा नियम. गाडीचा पहिला गिअर टाकण्याआधी ते स्वतःचं आणि कंडक्टरचं नाव घेत. एका वर्षी क्लबातले एक डॉक्टर उशिरा पोचले, तर आप्पांनी सबंध गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घातलं होतं. कोणी हसलं नाही. त्या घाटात काय काय झालेलं आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

“योगिनीताई, तुम्हीच घाला,” क्लबचा गौरव म्हणाला. यादी, शिट्टी, वेळ सगळं त्याच्याकडे असतं. “तुमच्या घरातलंच माणूस हवं.”

बाईने गाऱ्हाणं घालायचं! मी वरवर नको-नको म्हटलं आणि आठवडाभर गच्चीवर जाऊन पाठ केलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, बघू दे आता आप्पांना. बघू दे, त्यांची गादी कोण चालवतंय ते.

त्या रविवारी उजाडता उजाडता आम्ही चौदा सायकलवाले पायथ्याशी पोचलो. सायकली टेम्पोतून उतरवल्या. टेम्पो केरूचा. तोच चालवतो, तोच पंक्चर काढतो, तोच केळी वाटतो. आप्पांना त्याने पुढच्या सीटवर उशी लावून बसवलं होतं. डावा हात खिडकीबाहेर, डोळे घाटाकडे. मी घुमटीसमोर उभी राहिले, हेल्मेट काढलं आणि सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! घाटाच्या राखणदारा! आज ही तुझी लेकरं सायकली घेऊन तुझ्या दारात आली आहेत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

काय आवाज लागला होता! समोरच्या कड्यावरून परत येत होता. “हा गौरव. ह्याच्या पाठीत चमक भरते, ती आज आवर रे म्हाराजा! ही आम्रपाली, पहिल्यांदाच चढते आहे, तिचा धीर सुटू देऊ नकोस रे म्हाराजा!” एकेक नाव घेत गेले. टेम्पोतल्या आप्पांचं नि केरूचं घेतलं, माझं स्वतःचंही घेतलं, गुडघ्यासकट. सायकलवाल्यांची तेरा झाली. चौदावी दिशा.

मी विसरले नाही हं. पुढे सगळ्यांना मी तसंच सांगितलं, पण इथे सांगते, विसरले नाही. ती समोरच उभी होती, हात जोडून, डोळे मिटून, पिवळी जर्सी घालून. तिच्यासाठी काय मागायचं होतं मला? हिच्या पायांत बळ दे? ते आधीच माझ्या दुप्पट होतं. हिला लवकर वर पोचव? म्हणजे माझ्या तोंडाने मी देवाला सांगायचं की मला मागे टाक? जीभच उचलेना. मी म्हणून टाकलं, “आणि जे कोणी इथे उभे आहेत त्या सगळ्यांना सुखरूप वर ने रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्याच वेळी टेम्पोच्या दारावर थाड थाड आवाज झाला. आप्पा डाव्या हाताने दार बडवत होते. लोकांना वाटलं, सुनेचं कौतुक चाललंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, बघायची छाती नव्हती.

दिशा माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, “वैनी, माझं नाव राहिलं.”

“अगो, सगळ्यांत आलीसच की तू!”

“आप्पा तसं चालवून घेत नाहीत.”

“गाऱ्हाणं आज मी घातलंय.” मी हेल्मेटचा पट्टा आवळला. “पुन्हा पहिल्यापासून घालत बसले तर ऊन डोक्यावर येईल. बघ बाई, तुझी मर्जी.”

ती गौरवला म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते,” आणि सायकल वडाला टेकवून उभी राहिली. गौरवने शिट्टी मारली. आम्ही निघालो.

पहिले दोन किलोमीटर मी काय चढले म्हणून सांगू! पायाला चाकं लागल्यासारखी. ती काही येत नाही, देवभोळी आहे, नाव घेतल्याशिवाय घाटात पाऊल टाकायची नाही, हे मला पक्कं माहीत होतं. सातवं वर्ष! बायकांत पहिली! आम्रपाली तर दुसऱ्याच वळणावर केळं सोलत बसली होती. भाजीचा ट्रक समोरून आला, ड्रायव्हरने हात दाखवला, मीही दाखवला. मनात एक कुसळ टोचत होतं, पण घाटात श्वासाला जागा नसते तिथे कुसळाला कुठली!

गायमुख गेलं. मी न थांबता गेले. पुढे रस्ता वळून वळून वर जातो आणि खाली बघितलं की आपण आलो तो रस्ता दिसतो. मी सहज बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. खालच्या वळणावर पिवळी जर्सी. पंधरा मिनिटं उशिरा निघालेली बाई! सीटवरून उठून उभ्याने पायडल मारत होती. एकदाही वर बघत नव्हती.

देवा, जळणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. आधीचं सगळं नुसतं धुमसणं होतं. मी एक गिअर जड टाकला. गुडघा ओरडला. मी म्हटलं, ओरड मेल्या. अजून एक वळण, अजून एक. मागून साखळीची सळसळ ऐकू यायला लागली, मग तिचा श्वास. वर आंबा गावाचे पहिले बोर्ड दिसायला लागले होते, दीड किलोमीटर राहिलं असेल नसेल. ती बाजूला आली. चेहरा लालबुंद, दात आवळलेले. दिशाचा असा चेहरा मी कधीच बघितला नव्हता. “गिअर हलका करा वैनी, पाय धरेल,” एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

मी हलका केला नाही. तिने सांगितलेलं करीन होय मी? अजून जोर लावला, आणि उजव्या पोटरीत असा पेटका आला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. पाय टेकला. सहा वर्षांत, शेकडो चढांवर, नि ह्या घाटात तर कधीच न टेकलेला पाय मी टेकला. सायकल कठड्याला टेकवली आणि रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरीसारखी रडले. कोणी नव्हतं म्हणून रडले.

पाचेक मिनिटांनी मागून टेम्पो आला. केरू उडी मारून उतरला, माझी पोटरी चोळायला लागला. “वैनी, चढा टेम्पोत. राहू दे आता.”

“नाही चढायची. आणि ती कशी आली रे वर? नाव घेतल्याशिवाय?”

केरूचे हात थांबले. तो टेम्पोकडे बघून हळूच म्हणाला, “गाऱ्हाणं घातलं ना तिच्यासाठी. आप्पांनी.”

“कोणी?”

“आप्पा बोलले, वैनी! देवाशपथ! दिशावैनी खिडकीशी जाऊन उभी राहिली, म्हणाली, आप्पा, तुम्ही घाला. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नि बोलले. मोडकंतोडकं, पण बोलले! माझ्या अंगावर काटा आला.”

मला आनंद व्हायला हवा होता ना? सासऱ्याची पाच महिने गेलेली वाचा परत आली, सुनेने देवाला हात जोडायला हवे होते. मी काय केलं असेल? मी केरूचा हात झटकला. पाच महिने! रोज अर्धा तास! शाळेत उशिराचे शेरे घेतले, घसा फोडला, पाणी म्हणा, पाणी म्हणा. माझ्यासमोर तोंड मिटून बसलेला म्हातारा तिच्यासाठी बोलला! घाट गेला तो गेला, पहिला नंबर गेला, आता आप्पांचा पहिला शब्दही तिनेच नेला. अजून काय काय न्यायचं बाकी ठेवलं होतं तिने?

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“ते मला नका विचारू.” केरू उठला. “त्यांनाच विचारा नायतर दिशावैनीला.”

मी टेम्पोकडे बघितलं. आप्पा खिडकीतून माझ्याकडेच बघत होते. मी बघितल्यावर त्यांनी डोळे दरीकडे वळवले.

उरलेला रस्ता मी एका पायाने चढले म्हटलं तरी चालेल. वर पोचले तेव्हा सगळे दिशाभोवती जमलेले. क्लबात कुठल्याच बाईने आणि दोन सोडून कुठल्याच पुरुषाने इतक्या वेळात घाट चढला नव्हता. गौरव यादी घेऊन माझ्याकडे आला. “ताई, पाय?”

कोणी बघितलं नव्हतं. केरू बोलला नसता. “टेकला,” मी म्हटलं. गौरवने लिहून घेतलं.

दिशा घोळक्यातून बाहेर आली, पाण्याची बाटली घेऊन. माझ्यासमोर उभी राहिली. अजूनही तिचा चेहरा तसाच, आवळलेला.

“आप्पा काय म्हणाले?” मी बाटली घेतली नाही. “तुझ्यासाठी काय मागितलं?”

“माझ्यासाठी?”

“मग कोणासाठी? तुझ्या डोक्यावर हात ठेवून बोलले ना?”

“तीनच शब्द बोलले, वैनी. आधी म्हणाले, ‘थोरली.’ मग किती वेळ तोंड नुसतंच हलत राहिलं. मग म्हणाले, ‘जळते.’ मग डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आणि मग म्हणाले, ‘सांभाळ.’”

माझे कान तापले. आजूबाजूला कोणी ऐकतंय का ते मी बघितलं. “आणि तुझं नाव?”

“नाही घेतलं.”

“नाहीच?”

“उरले कुठे शब्द? होते ते तुमच्यावर संपले.” तिचा आवाज फुटला. “मी समोर उभी होते. रोज संध्याकाळी पेपर मी वाचते. आमटी मी करते. तुम्ही त्यांच्यावर ओरडता तेव्हा मागून समजूत मी घालते. आणि पाच महिन्यांनी तोंड उघडलं ते थोरलीसाठी. माझ्या डोक्यावर हात ठेवून थोरलीसाठी! मला काय वाटलं असेल?”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? गाऱ्हाणं होतं ते. व्हय म्हाराजा म्हटलं, आणि सायकल काढली.” तिने बाहीने डोळे पुसले. “सगळे विचारतायत, इतकी जोरात कशी चढलीस. तुमच्यावर जळत चढले, वैनी. अख्खा घाट.”

मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. घेतलंही, जरा वेळाने. पण त्याआधी, देवाशपथ सांगते, त्या सबंध दिवसात पहिल्यांदाच मला बरं वाटलं.